अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांसाठी गादी निवडताना

हॉस्पिटलमध्ये ‘उद्या घरी न्या’ असं सांगितलं की घरात धावपळ सुरू होते. गोळ्या, डायपर, पातळ आहार, रात्रीसाठी मावशी मिळतील का, या सगळ्यात गादीचा विचार अगदी शेवटी येतो आणि अर्ध्या तासात उरकला जातो. आमच्याकडेही तसंच झालं. आईला पक्षाघात झाला होता, डावी बाजू गेली होती. उजवा हात मात्र शाबूत होता आणि हॉस्पिटलच्या कॉटचा दांडा धरून ती स्वतःहून उजव्या कुशीवर थोडीफार वळायची. आम्ही भावंडं दुकानात गेलो, गाद्या हातानं दाबून पाहिल्या आणि सगळ्यांत मऊ लागली ती आठ इंची मेमरी फोमची गादी घेऊन आलो. तिला सुखानं पडता यावं एवढंच मनात होतं.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आई वळतच नाहीये. त्या गादीत तिचं अंग खड्ड्यात बसल्यासारखं रुतायचं आणि एका हाताच्या जोरावर त्यातून बाहेर येणं तिला जमत नव्हतं. लघवीची नळी बदलायला आलेल्या सिस्टरांनी तिला कुशीवर घेतलं, तेव्हा माकडहाडाच्या वर रुपयाएवढा लाल डाग दिसला. त्यांनी त्यावर बोट दाबलं, उचललं. लाली तशीच राहिली. “बोट उचलल्यावर क्षणभर पांढरं पडलं असतं तर एवढी काळजी नव्हती,” त्या म्हणाल्या, “ही बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे.”

डाग वेळेत दिसला म्हणून आठवडाभरात गेला. त्यानंतरची जवळपास दोन वर्षं आईचं सगळं अंथरुणातच झालं. त्या काळात सिस्टरांकडून, फिजिओथेरपिस्टकडून आणि आमच्या चुकांमधून जे कळलं, ते ज्यांच्या घरी आज हा प्रश्न उभा आहे त्यांच्यासाठी क्रमानं लिहिते आहे.

दुकानात जाण्याआधी माणूस नीट पाहा

एक कागद घ्या आणि या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. स्वतःहून कूस बदलता येते का, निदान थोडी तरी? दुखलं, टोचलं तर कळतं का आणि सांगता येतं का? वजन साधारण किती? लघवी-शौचावर ताबा आहे का? दिवसातून काही वेळ टेकून बसवायचं आहे का? श्वासासाठी किंवा नळीनं भरवण्यासाठी डोक्याची बाजू उंच ठेवावी लागते का? आणि शेवटचा प्रश्न, ज्याचं उत्तर कुटुंबानं स्वतःशी प्रामाणिकपणे द्यायला हवं: रात्री दोन वाजता उठून त्यांना वळवणार कोण?

मग अंग तपासा. उजेडात, कपडे बाजूला करून, लाज न बाळगता. उताणं झोपलेल्या माणसाचा भार डोक्याच्या मागच्या भागावर, खांद्यांच्या पात्यांवर, कोपरांवर, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर आणि टाचांवर येतो. कुशीवर असेल तर कान, खांदा, खुब्याचं बाहेर आलेलं हाड, गुडघ्यांच्या आतल्या बाजू आणि घोटे. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी-मांस दाबलं जातं, तिथलं रक्त थांबतं आणि तासन्‌तास थांबलं तर ती जागा आतून मरायला लागते. म्हातारपणी मांस झडलेलं असतं, त्यामुळे हे फार लवकर होतं.

आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, हे विसरू नका. तिथे बोटाच्या पाठीनं स्पर्श करून पाहा. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, घट्ट किंवा उलट पिळपिळीत लागते का, रंग जांभळट-काळसर झालाय का, हात लावल्यावर ते कण्हतात का. असं काही असेल तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरांना फोन करा. कातडी फुटलेली असेल तर तर नक्कीच.

दाबाइतकंच घसरणंही घातक असतं. पलंगाचं डोकं बरंच उंच केलं की माणूस हळूहळू पायांकडे सरकतो. वरची कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते आणि आतलं हाड खाली सरकतं, त्यात मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात. त्यात घाम किंवा लघवीचा ओलावा असला की कातडी आणखी नाजूक होते. दाब, घसरण आणि ओल या तिन्ही गोष्टी कमी करेल अशी गादी आपल्याला हवी आहे. हाताला ती किती मऊ लागते याला फारसा अर्थ नाही.

घरात आहे ती गादी चालेल का?

कापसाची गादी बहुतेक वेळा चालत नाही. नवी पिंजून आणली तरी महिन्या-दोन महिन्यांत नेमकी कमरेखाली दबते, गोळे होतात आणि एकदा ओली झाली की आतून वाळत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, त्या गादीला वास आणि बुरशी दोन्ही धरतात. काथ्याची गादी पाठदुखीवाल्या चालत्या-फिरत्या माणसाला ठीक, पण हाडं वर आलेल्या देहाला फार कडक. स्प्रिंगच्या गादीवर कॉटची डोक्याची बाजू उचलता येत नाही आणि वळवताना माणूस डुलतो.

घरात चांगली, न दबलेली, चार-पाच इंच जाडीची फोमची गादी असेल तर ती टाकू नका. पुढे हवेची गादी घ्यायची वेळ आलीच तर तिच्याखाली हीच लागणार आहे.

फोम की हवा, हे कसं ठरवायचं

मघाच्या कागदावर पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, थोडं वळता येतं’ असं असेल आणि कातडी चांगली असेल, तर फोम घ्या, आणि तोही जरा टणक. अशा माणसाची सगळ्यांत मोठी दौलत म्हणजे त्याची स्वतःची हालचाल, आणि ती हिरावून घेणारी गादी कितीही महाग असली तरी घेऊ नये. हाय रेझिलियन्स, म्हणजे दुकानदार ज्याला एचआर फोम म्हणतात, तो यासाठी चांगला. हात काढला की लगेच वर येतो, त्यामुळे वळताना अंगाला आधार मिळतो. डेन्सिटी विचारा. ३२, ४० असे आकडे सांगतात, ते एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन असतं. रोज चोवीस तास वापरायची गादी ४० च्या खाली घेऊ नये असं माझं मत आहे, कारण हलका फोम काही महिन्यांतच बसतो. जाडी पाच ते सहा इंच पुरे.

मेमरी फोम दाब चांगला पसरवतो हे खरं आहे, पण तो अंगाच्या उष्णतेनं मऊ होऊन अंगाभोवती बसतो. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात त्यावर पाठ घामानं भिजते आणि अशक्त माणसाला त्यातून वळता येत नाही. एचआर फोमवर दीड-दोन इंचांचा मेमरी फोमचा थर असेल तर विचार करा, पूर्ण गादी नको.

अजिबात वळता येत नसेल, अंग फार वाळलेलं असेल, दुखणं कळत-सांगता येत नसेल किंवा एखाद्या जागी डाग दिसायला लागला असेल, तर हवेची गादी. एअर बेड म्हणून दुकानात मागितली तरी कळतं. तिला एक छोटा पंप जोडलेला असतो आणि तो आळीपाळीनं काही कप्प्यांत हवा भरतो, काहींतून काढतो. त्यामुळे अंगाच्या एकाच जागेवर सतत भार राहत नाही. दर काही मिनिटांनी भार सरकतो.

हिचे दोन प्रकार मिळतात. एक बबलची, अंड्याच्या ट्रेसारखी फुगवट्यांची. ती स्वस्त असते, दोन-तीन हजारांच्या आसपास येते, पण तिची उंची कमी. हलक्या अंगाच्या माणसासाठी, डाग पडण्याआधीची काळजी म्हणून ती ठीक आहे. वजन जास्त असेल तर माकडहाड फुगवटे दाबून थेट खाली टेकतं आणि मग तिचा काही उपयोग उरत नाही. दुसरी ट्यूबची, आडव्या नळ्यांची. नळ्या चार-पाच इंच उंच असतात आणि बहुतेक गाद्यांत फुटलेली एकच नळी बदलता येते. किंमत बबलच्या दोन-तीन पट किंवा आणखी जास्त. परवडत असेल आणि माणूस पूर्ण परावलंबी असेल तर मी डोळे झाकून ट्यूबची घ्या म्हणेन. आमची बबलची गादी चार महिन्यांत शिवणीपाशी फुटली होती.

एक अपवाद लक्षात ठेवा. मणक्याचं हाड मोडलेलं असेल आणि ते अजून स्थिर झालेलं नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलत्या हवेच्या गादीवर झोपवू नका. खोल जखम असेल तरही गादी कोणती हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पाण्याच्या गादीबद्दल थोडक्यात: जड, हलवायला कठीण, थंडीत गार पडते आणि तिच्यावर माणसाला वळवणं दोघांनाही झेपत नाही. मधोमध भोक असलेली गोल रबरी उशी माकडहाडाखाली ठेवायला अनेक जण सांगतात. ठेवू नका, तिची कडा सभोवतालचं रक्त अडवते. टाचांखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवण्याची पद्धतही सोडून द्या. त्याऐवजी पोटरीखाली लांबट उशी अशी ठेवा की टाच हवेत तरंगेल आणि गुडघा किंचित वाकलेला राहील. टाचेखालून कागद सहज सरकला पाहिजे.

मापं

आपल्या पलंगांची मापं एकसारखी नसतात. ७२ बाय ३६ इंच, ७५ बाय ३६, ७८ बाय ३६ अशी सिंगल मापं मिळतात, पण सुतारानं केलेला पलंग यांतल्या कशातच बसत नाही. आतलं माप टेपनं घेऊन जा. डबल बेडवर झोपवू नका. मधोमध पडलेल्या माणसापर्यंत वाकून पोचताना सेवा करणाऱ्याची कंबर जाते.

डोकं आणि पाय वेगवेगळे उचलता येणारी फाउलर कॉट भाड्यानं मिळते. तिच्यासाठी गादी वाकणारी हवी, म्हणजे फोमचीच. कॉटला कठडे असतील तर गादीची एकूण उंची आधी मोजा. फोमवर हवेची गादी आली की उंची आठ-नऊ इंच होते आणि कठडा पुरेसा वर राहत नाही. माणूस त्यावरून पडू शकतो.

दुकानात

विकत घेण्याआधी आपल्या भागात रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आहे का, याची चौकशी करा. महाराष्ट्रात पुष्कळ गावांत धर्मादाय संस्था, गणेश मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ अनामत रक्कम घेऊन कॉट, व्हीलचेअर, कमोड खुर्ची आणि कधीकधी एअर बेडही देतात. कॉट जरूर अशी आणावी. फोमची गादी मात्र दुसऱ्यानं वापरलेली घेऊ नये, आतली ओल आणि वास बाहेरून कळत नाही. हवेची गादी घेतलीत तर साबणाच्या पाण्यानं पुसून, सावलीत वाळवून, एक दिवस फुगवून ठेवून मगच वापरा.

नवी घेताना पुण्यात सदाशिव पेठेत, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकल साहित्याची दुकानं आहेत, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या हॉस्पिटलच्या आसपास अशी एक-दोन दुकानं असतातच. साध्या गादीच्या शोरूमपेक्षा तिथे जा. हवेची गादी तिथेच फुगवून, पंप निदान अर्धा तास चालू ठेवायला सांगा. पंपाजवळ कान न्या. शांत घरात रात्री हा आवाज दुप्पट वाटतो आणि आजारी माणसाला तो रात्रभर ऐकावा लागतो. पंपाची वॉरंटी आणि गादीची वॉरंटी वेगवेगळी विचारा. पंक्चरचं साहित्य पेटीत आहे का, सुटी नळी मिळते का, वीज गेल्यावर हवा धरून ठेवायला पाइपाच्या टोकाला टोपण आहे का, तेही पाहून घ्या.

फोम असेल तर त्यावर स्वतः आडवे व्हा, पाच-दहा मिनिटं, आणि हात न टेकता कुशीवर वळून पाहा. तुम्हालाच जोर लावावा लागला तर आईवडिलांना ते जमणार नाही. खोळ पाणी आत न जाणारी, पण ताणली जाणारी आणि चेन असलेली हवी. कडक प्लास्टिकची खोळ सुरकुतते आणि तीच टोचते.

अंथरताना

खाली फोम, त्यावर हवेची गादी, पाइपाची बाजू पायांकडे. दोन्ही टोकांच्या पट्ट्या फोमखाली खोचा, नाहीतर गादी सरकते. माणसाला वर घेण्याआधी गादी पूर्ण फुगू द्या, वीस-तीस मिनिटं लागतात. त्यावर एकच सुती चादर, सैल. ताणून खोचली की ती ढोलासारखी होते आणि खालच्या नळ्यांचं काम थांबतं.

खूप घरांत मायेपोटी इथेच चूक होते. एअर बेडवर दुलई, तिच्यावर रबर शीट, तिच्यावर गोधडी. प्रत्येक थरानं गादीचा उपयोग कमी होतो. गोधडीच्या टाक्यांची उंच शिवण पाठीवर उमटलेली मी पाहिली आहे. आजीची गोधडी पांघरायला द्या, खाली नको. ओलाव्यासाठी कमरेखाली एकच शोषून घेणारा अंडरपॅड पुरतो, आणि तो ओला झाला की लगेच बदलायचा.

जुन्या सुती साडीची मात्र एक घडी जरूर करा. खांद्यापासून मांडीपर्यंत पुरेल एवढी चौपदरी पट्टी आईच्या अंगाखाली आडवी घाला. वर सरकवायचं असेल तेव्हा दोघांनी दोन्ही बाजूंनी साडी गुंडाळून घट्ट धरायची आणि एक-दोन-तीन म्हणत उचलून न्यायचं. काखेत हात घालून ओढलं की माकडहाडाची कातडी घासते, साडीनं ती घासत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची परीक्षा. पंपाच्या बटणावर वजनाप्रमाणे आकडे असतात, त्याप्रमाणे लावा आणि माणूस वर झोपलेला असताना तुमचा तळहात वरच्या दिशेला ठेवून, बोटं सपाट, हवेची गादी आणि फोम यांच्यामधून माकडहाडाखाली सरकवा. हाताच्या वरची नळी भरेपर्यंत थांबा. हाताला हाड लागलं किंवा अंगाचा भार थेट जाणवला तर हवा कमी आहे. निदान इंचभर हवेची उशी मध्ये असायला हवी. उलट गादी दगडासारखी फुगली असेल आणि अंग तिच्यावर नुसतं टेकलं असेल तर हवा जास्त आहे. डोक्याची बाजू उंच केल्यावर हीच परीक्षा पुन्हा करा, कारण बसल्यावर सगळा भार कमरेवर येतो. हे मी दर रविवारी सकाळी, आईला पुसून झालं की करत असे.

वीज जाणाऱ्या गावांत पंप इन्व्हर्टरवर घ्या. तो फार कमी वीज खातो. वीज बराच वेळ गेली तर हवा उतरते, तेव्हा खालचा फोमच माणसाला वाचवतो, म्हणून एअर बेड कधीही नुसत्या फळीवर टाकायचा नाही.

पहिले तीन दिवस

हवेच्या गादीवरच्या पहिल्या रात्री आई घाबरली. “खाली कुणीतरी हलतंय,” म्हणत राहिली. मी तिचा उजवा हात धरून गादीवर ठेवला, ती भरताना आणि उतरताना तिला जाणवू दिली, मग आई शांत झाली. काहींना पहिले दोन दिवस मळमळतं. विस्मरणाचा आजार असेल तर ही हालचाल अजिबात सहन होत नाही असंही होतं. अशा वेळी हट्ट करू नका, चांगला फोम घ्या आणि जास्त वेळा वळवा.

गादी कुठलीही असो, वळवावं लागतंच. सुरुवातीला दर दोन तासांनी. कातडी चांगली राहते आहे असं दिसलं की रात्रीचं अंतर वाढवता येईल का, ते डॉक्टरांना किंवा सिस्टरांना विचारा. वळवताना पूर्ण आडवं कुशीवर नको, खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवायचं, गुडघ्यांच्या मध्ये एक छोटी उशी. डोक्याची बाजूही एरवी ३० अंशांच्या आत ठेवावी. भरवताना मात्र नीट उंच बसवून, आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवून, मगच खाली आणायचं. ठसका लागून अन्न छातीत जाणं हे जखमेइतकंच वाईट. वर उठवण्याआधी गुडघ्यांखालची बाजू थोडी उचलली की माणूस घसरत नाही.

लाल झालेल्या जागेवर चोळू नका. स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळण्याची जुनी पद्धत आहे, पण स्पिरिटनं कातडी कोरडी पडते आणि चोळण्यानं आतली नाजूक जागा आणखी दुखावते. बाकी अंगाला हलक्या हातानं खोबरेल तेल लावलं तर चालतं.

फोड आला, कातडी फुटली, काळी पडली, वास यायला लागला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि पलंगाजवळच्या भिंतीवर एक कागद चिकटवा. ब्यूरोच्या मावशी बदलत राहतात, प्रत्येकीला तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं. आमच्या कागदावर मोठ्या अक्षरांत एवढंच होतं: बटण तीनवर. एकच चादर. टाचा अधांतरी. दर दोन तासांनी कूस, शेवटची वेळ इथे लिहा. पंपाचा हिरवा दिवा चालू आहे का, आधी पाहा. दोरीला बांधलेलं पेन शेजारीच लोंबत ठेवलं होतं.